पेलेट ग्रिलमधला भुसा : कोकणच्या दमट हवेत तो चाळायचा, आवरायचा आणि अडकलाच तर काढायचा कसा

गणपती गेले, बाजारात बांगडा परत दिसायला लागला आणि मी साडेतीन महिन्यांनी पेलेट ग्रिलवरची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या (पेलेट) जाळून भाजणाऱ्या यंत्रावरची, ताडपत्री काढली. मेच्या शेवटी आमच्या होमस्टेमधले शेवटचे पाहुणे गेले, त्या रात्री सुरमई भाजून झाल्यावर मी नुसतं बटण बंद केलं होतं. हॉपर, म्हणजे पेलेट ओतायचा डबा, अर्धा भरलेला. म्हटलं, राहू दे, लाकूडच तर आहे. सप्टेंबरात बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला, आतली सळई तापल्याचा वास आला, ऑगरच्या, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या, मोटरने एकदा ‘गुंऽऽ’ केलं आणि ती गप्प झाली. झाकण उघडलं. वरचे पेलेट दिसायला ठीक होते. हात खाली घातला तर ओल्या रव्यासारखं काहीतरी लागलं, आणि त्याच्याही खाली दगड.

तो दगड म्हणजे भुसा. तो काढायला दोन दिवस गेले. ऑगरच्या नळीतून शेवटी जो तुकडा निघाला तो वीतभर लांब होता आणि त्याच्यावर मळसूत्राचे आटे इतके स्वच्छ उमटले होते की सुताराने कोरून दिल्यासारखा वाटावा. तो मी अजून खिडकीत ठेवलाय.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत जे शिकलो ते इथे लिहितोय. घर वेंगुर्ल्याजवळ आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. पुण्या-नाशकात राहणाऱ्यांना यातलं निम्मं करावं लागणार नाही. डहाणूपासून रेडीपर्यंत किनाऱ्यावर जे आहेत त्यांनी मात्र सगळं वाचावं.

भुसा येतो कुठून

पेलेट म्हणजे मुळात भुसाच. लाकडाचा भुसा वाळवून, भोकं पाडलेल्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने ढकलतात. दाबामुळे आणि घर्षणाच्या उष्णतेमुळे लाकडातलं लिग्निन मऊ होतं, भुशाचे कण एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावर गुळगुळीत, चकाकणारी कांडी तयार होते. चांगल्या पेलेटमध्ये वेगळा डिंक नसतो. म्हणजे ही कांडी आपल्याच अंगच्या चिकाने उभी आहे, आणि पाणी लागलं की तो चिक सुटतो.

पिशवीत भुसा तीन वाटांनी येतो. थोडा कारखान्यातूनच येतो, कारण कापताना आणि भरताना टोकं तुटतात. त्याहून जास्त प्रवासात होतो. आमच्याकडे माल घाट उतरून येतो, आंबोलीची वळणं आणि त्यानंतर टेम्पोवाल्याने अंगणात पिशवी कशी टाकली, यावर तुमचा भुसा ठरतो. तिसरी वाट हवेची. दमट हवेत पेलेट फुगतो, त्याला आडव्या भेगा पडतात आणि बोटाने दाबला की चुरा होतो. पहिल्या दोन वाटांनी आलेला भुसा चाळून निघतो. तिसऱ्या वाटेने आलेला रोज नव्याने तयार होत राहतो, त्यामुळे कोकणात खरी लढाई त्याच्याशी.

किती भुसा चालतो? युरोपात घरं तापवायच्या पेलेटसाठी आयएसओ १७२२५-२ हे मानक आहे. त्यातल्या वरच्या प्रतीच्या मालात ओलावा जास्तीत जास्त १० टक्के आणि भुसा जास्तीत जास्त १ टक्का चालतो. भुसा म्हणजे काय तेही ठरलेलं आहे: ३.१५ मिलिमीटरच्या भोकातून जे खाली पडतं ते. हे मानक स्वयंपाकाच्या पेलेटसाठी नाही, पण मापायला काहीतरी हवं म्हणून मी तेच धरतो. ९ किलोच्या पिशवीत १ टक्का म्हणजे ९० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सुटा भुसा हलका असतो, तेवढ्यात दोन वाट्या सहज भरतात.

भुसा आत जाऊन करतो काय

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गिरणीवर दळण ओततात तसे पेलेट हॉपरमध्ये ओतायचे. तळाशी ऑगर, म्हणजे लांब मळसूत्र, ते थांबत-थांबत फिरतं आणि पेलेट नळीतून पुढे ढकलतं. नळीच्या टोकाला फायरपॉट, म्हणजे भोकं असलेली लोखंडी वाटी. तिथे एक सळई पहिली काही मिनिटं तापून पेलेट पेटवते, नंतर पंख्याचा वारा आग जिवंत ठेवतो. आतलं तापमान पाहून कंट्रोलर ठरवतो की ऑगर किती वेळ फिरवायचा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात हे बनवलं. पुढे त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर बऱ्याच कंपन्या यात उतरल्या, तरी आतली रचना बहुतेक तीच राहिली.

आता भुशाची शेगडी आठवा. ज्यांच्या घरी होती त्यांना लगेच कळेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडा आडवा घालायचा, आजूबाजूला भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली आणि दांडा हळूच काढायचा. आरपार बोगदा तयार होतो. हवा फक्त त्या बोगद्यातून जाते, म्हणून आग आतल्या कडेने हळूहळू भुसा खात जाते आणि शेगडी कित्येक तास चालते. ठासलेल्या भुशात हवा शिरत नाही, यावरच सगळी शेगडी उभी होती.

फायरपॉटला नेमकं उलटं हवं असतं. पेलेट आडवे-तिडवे पडतात, मधल्या फटींतून वारा खेळतो आणि आग भडकते. त्या फटींत भुसा बसला की वाटीची शेगडी होते, आणि बोगदा तर कुणी ठेवलेला नसतो. आग गुदमरते, पांढरा दाट धूर येतो, तापमान उतरतं. तापमान उतरलं की कंट्रोलरला वाटतं इंधन कमी पडलं, तो आणखी पेलेट ढकलतो. वाटी भरून वाहते. धुमसणाऱ्या आगीवर ढीग साचतो, बंद झाकणाखाली न जळलेला धूर कोंडतो, आणि मग एखादी ज्वाळा उठली की सगळा धूर एकदम पेट घेतो. झाकण धाडकन उडतं. मी पाहिलंय, भुवया वाचल्या.

शिवाय वाटीत न बसणारा बारीक भुसा पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि पापलेटवर करड्या राखेचा थर देतो. पाहुण्यांना वाटतं मसाला आहे.

पिशवी घेताना

दुकानात पिशवी फोडता येत नाही, पण उभी करून खालचा कोपरा दाबता येतो. भुसा नेहमी तळाला जातो. कोपऱ्यात वाळूच्या पुरचुंडीसारखं मऊ लागलं तर दुसरी पिशवी मागा. पिशवीला कुठे बारीक छिद्रं आहेत का तेही पाहा. हवा निघून जावी म्हणून काही पिशव्यांना ती मुद्दाम ठेवलेली असतात, आणि आपल्याकडे त्याच वाटेने दमट हवा आत येते. अशी पिशवी घरी आली की त्याच दिवशी रिकामी करून माल पिंपात घालायचा.

घरी आल्यावर दोन तपासण्या. एक पेलेट दोन बोटांत मोडा. चांगला असेल तर सुक्या काडीसारखा ‘टक्’ करून मोडतो, सर्दावलेला असेल तर आवाज न करता चुरगळतो. दुसरी पाण्याची: पेल्यात चार पेलेट टाका. नीट दाबलेला पेलेट पाण्यापेक्षा जड असतो, तो लगेच तळाला जातो आणि थोड्या वेळात फुगून भुसा होतो. तरंगत राहिला तर दाब कमी पडलेला आहे, असा माल चाळून दिला तरी पुन्हा भुसा करत राहणार.

एक गोष्ट इथेच ठळक सांगतो. बॉयलरसाठी विकले जाणारे बायोमास पेलेट स्वस्त मिळतात आणि दिसायला तसेच असतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर असे पेलेट जाळायचं धोरण आणल्यापासून त्यांचं नाव जास्त ऐकू येतं. ते ग्रिलमध्ये घालू नका. त्यात शेंगांची टरफलं, पिकांचं काड, कधी फर्निचरच्या कारखान्यातला प्लायवुडचा भुसाही असू शकतो. राख भरपूर, आणि धूर कशाचा ते कुणाला माहीत. काजूची टरफलं तर कुठल्याच रूपात नकोत. त्यांच्या तेलाने हाताची सालं निघतात हे इथल्या काजू कारखान्यातल्या बायकांना विचारा, तो धूर माशाला लावायचा नाही.

चाळणं, आणि काकीचं सूप

पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातली पिठाची चाळण घेतली आणि अर्धा तास घालवून चिमूटभर धूळ काढली. भोकं फार बारीक. मग वाळूची चाळण आणली, तिच्यातून निम्मे पेलेट उभे होऊन खाली गेले. पेलेट साधारण ६ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे दोन सुतांना थोडा कमी, त्यामुळे दोन सुती जाळी कामाची नाही. हार्डवेअरच्या दुकानात एक सुती जाळी मागा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. वरच्या मानकातलं भोक ३.१५. भोक गोल की चौकोनी एवढा फरक सोडला तर आपल्या सुताराचं माप आणि युरोपातलं मानक एकमेकांना खेटून बसलंय, याची मला अजून गंमत वाटते. जाळी स्टीलची घ्या, साधी लोखंडी आमच्या हवेत एका पावसात तांबेरते.

जाळी लाकडी चौकटीला ठोकली की चाळण झाली. चौकट जुन्या फळ्यांची चालते, साधारण दोन फूट बाय दीड. दुसरा सोपा प्रकार म्हणजे बादलीच्या तोंडावर बसेल असा जाळीचा गोल तुकडा, मधे किंचित खोलगट. पेलेट त्यावर ओतायचे, बादली दोन्ही हातांनी गोल हलवायची, भुसा खाली आणि पेलेट वर. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त घेऊ नका आणि जोराने आपटू नका. चाळताना आपटलं की नवा भुसा तयार होतो, तोच उद्योग परत.

मी हे खळ्यात बसून करत होतो तेव्हा शेजारची काकी गडग्यापलीकडून बघत होती.

“काय रे ह्या? कोंबड्यांका खाद्य हाडलंस?”

सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि सूप घेऊन आली. “चाळून धूळ जाणा नाय रे झिला. वारो आसा तवसर पाखडून घे.”

आणि तिचं बरोबर होतं. चाळण तुकडे काढते, पण पेलेटच्या अंगाला चिकटलेली पिठासारखी धूळ चाळणीने जात नाही. काकीने सुपात दोन ओंजळी घेतल्या, मनगटाने तीन झटके दिले. पेलेट सुपाच्या मागच्या कडेला गोळा झाले, भुसा पुढे आला आणि चौथ्या झटक्याला वाऱ्यावर गेला. भातातला कोंडा काढायची तीच युक्ती. सुपात राहिलेले पेलेट पुसल्यासारखे चकाकत होते. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी एक सुती जाळी, मग ज्या दिवशी भाजायचं त्या दिवशीचे पेलेट तेवढे सुपात.

वाऱ्याला पाठ करून बसा आणि नाकावर पंचा नाही, नीट मास्क बांधा. लाकडाची धूळ साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ सालीच तिला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ते धोके मुख्यतः आयुष्यभर सुतारकामात राहणाऱ्यांचे, तरी पडवीत पंखा लावून पाखडायचा शहाणपणा करू नका. आणि पेटत्या ग्रिलजवळ तर अजिबात नको, हवेत उडालेला भुसा एका ठिणगीने भपकन पेटतो.

भुसा किती निघाला ते मोजायचं असेल तर पिशवीच्या वरचा, मधला आणि तळाचा मिळून एक किलो घ्या. चाळा, खाली पडलेलं वजन करा. १० ग्रॅमपर्यंत असेल तर माल उत्तम. वीस-पंचवीस ग्रॅम निघाला तर चाळून वापरा. पन्नासच्या वर गेला तर मी दुकानदाराला फोटो पाठवतो.

हॉपर

भाजायला बसल्यावर हॉपर शिगोशीग भरायची गरज नाही. मंद आचेवर ग्रिल तासाला अर्धा किलोच्या आसपास खातं, जोराच्या आचेवर किलोभर किंवा थोडं जास्त. दोन तासांच्या सुरमईला दीड-दोन किलो घातले की झालं. आमच्या हवेत हॉपर हे साठवणीचं भांडं नाही, ही एक सवय लागली तरी निम्मा त्रास संपतो.

हॉपरच्या उतारावर पेलेट घरंगळतात. भुसा घरंगळत नाही, तो कोपऱ्यात थांबतो आणि वरून येणाऱ्या पेलेटला अडवतो. मग पेलेटची कमान तयार होते. वरून पाहिलं तर हॉपर भरलेला, खाली ऑगर रिकामा फिरतोय आणि आग विझत चाललीय. म्हणून लांब भाजणं असेल तर दर तासाला लाकडी उलथण्याच्या दांड्याने हॉपरमधले पेलेट हलवा. हात घालू नका, खाली मळसूत्र फिरत असतं.

दर दोन पिशव्यांनंतर हॉपर पूर्ण रिकामा करा आणि सुका ब्रश फिरवा. व्हॅक्यूम असेल तर तळाच्या जाळीपाशी लावा, कोपऱ्यातला भुसा त्याशिवाय येत नाही. ओलं फडकं नको. ‘जरा पुसून घेतो’ म्हणून मी एकदा ओलं फडकं फिरवलं आणि उरलेल्या धुळीची लापशी करून ठेवली.

फायरपॉट

दर दोन-तीन वेळा भाजून झालं की वाटी काढून राख झटका आणि भोकं उघडी आहेत का ते उजेडाला धरून पाहा. बुजलेली असतील तर जाड तारेने मोकळी करा. भुसा जास्त असलेला माल वापरला असेल तर दर वेळी.

पेटवताना झाकण उघडं ठेवायचं की बंद, ते तुमच्या ग्रिलच्या पुस्तिकेप्रमाणे करा, मॉडेलप्रमाणे ते बदलतं. पण मध्येच आग विझली तर लगेच पुन्हा बटण दाबू नका, एवढं सगळ्यांना सारखंच. बंद करा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, जाळी आणि खालचा पत्रा काढून वाटीतले सगळे पेलेट उपसा आणि मगच नव्याने पेटवा. भरलेली वाटी पेटवली की वर सांगितलेलं धाडकन होतं.

आमच्याकडे आग विझायचं आणखी एक कारण असतं, वीज. पंखा आणि ऑगर थांबतात, वाटीतले निखारे मात्र धुमसत राहतात आणि नळीतल्या भुशाला धरून आग मागे हॉपरकडे सरकू शकते. भुसा जितका जास्त तितकी ही वाट सोपी. सळई पेटताना दोन-तीनशे वॉट घेते, त्यानंतर ग्रिल पन्नासेक वॉटवर चालतं, त्यामुळे घरातला साधा इन्व्हर्टर पुरतो. तो नसेल तर वीज गेल्यावर ग्रिलचं आणि हॉपरचं झाकण बंद ठेवा आणि थंड होईपर्यंत तिथून हलू नका.

राख पत्र्याच्या डब्यात काढा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. राखेत निखारा किती वेळ जिवंत राहतो हे चूल पाहिलेल्यांना सांगायला नको, पण व्हॅक्यूम लावायची घाई झाली की तेही विसरतात.

आणि पावसात पडवीला ताडपत्री लावून आत ग्रिल पेटवायचं मनात आलं तर सोडून द्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साठवण: मिठाकडे बघा

घरात ओलावा मोजायचं यंत्र आहे, तुम्ही त्यातून रोज आमटीत घालता. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. अशा हवेत उघड्यावर ठेवलेलं साधं लाकूड हळूहळू १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, आणि पेलेटची मर्यादा तर १० ची. म्हणून मिठाची बरणी ओलसर झाली की पेलेटचं पिंप उघडायचं नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे बरणी ओलसरच असते.

मी वापरतो ते पिंप ५० लिटरचं, जाड प्लास्टिकचं, झाकणाला रबरी कडी आणि बाहेरून लोखंडी पट्टा. एक घनमीटर पेलेट ६०० ते ७५० किलो भरतात, त्या हिशोबाने यात तीस-पस्तीस किलो मावतात. पिंप नवीन किंवा खायच्या वस्तूचं घ्या. बाजारात निळी जुनी पिंपं मिळतात, त्यात आधी कोणतं रसायन होतं ते विकणारालाही ठाऊक नसतं.

पिंप जमिनीवर ठेवू नका. कोबा असो की शेणाने सारवलेली जमीन, पावसात ती घाम फुटल्यासारखी ओलावते. फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. वाळवी लाकूड कुठलंही सोडत नाही, तेव्हा पिंपाखालची जागा महिन्यातून एकदा बघा.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र पिंप नव्हे, छोटे डबे. एप्रिलमध्ये, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, भर दुपारी मी सगळा माल चाळतो आणि दोन-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरतो. एक डबा म्हणजे एक भाजणं. प्रत्येकात सिलिका जेलची पुडी. पिंप एकदाही उघडावं लागत नाही, आणि एखाद्या डब्याचं झाकण सैल राहिलं तर दोन किलोचंच नुकसान होतं.

सर्दावलेले पेलेट वाळवून चालतात का, हे लोक फार विचारतात. मोडल्यावर आवाज मेलाय पण अंग अजून गुळगुळीत आहे, असे असतील तर ऑक्टोबरच्या कडक उन्हात पातळ पसरून दोन दुपारी वाळवा, चालतात. एकदा फुगून भेगाळले की ते परत जुळत नाहीत, वाळवलं तरी ऑगरमध्ये जाऊन भुसाच होणार. बुरशीचा वास आला तर खायच्या वस्तूसाठी अजिबात नको.

किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माझं ग्रिलही तेव्हा बंद. मेच्या शेवटच्या भाजण्याला हॉपरमधले पेलेट संपेपर्यंत ते चालू ठेवायचं, ऑगरची नळी रिकामी होऊन आग आपोआप विझू द्यायची, मग नेहमीप्रमाणे बंद करून थंड झाल्यावर हॉपर आणि वाटी साफ. हे चाळीस मिनिटांचं काम न केल्याची किंमत सुरुवातीला सांगितलीच.

तरीही ऑगर अडकला तर

१. प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. मळसूत्र मोकळं झालं की एकदम फिरू शकतं.

२. हॉपर वरून उपसा. जे हाताने येतं ते हाताने, बाकी लाकडी चमच्याने.

३. मोटर आणि ऑगर जिथे जोडलेले असतात तिथे बऱ्याच ग्रिलमध्ये एक छोटी पिन किंवा बोल्ट असतो. ऑगर अडकला तर मोटर जळण्याआधी ही पिन तुटावी अशीच ती बनवलेली असते. तुटली असेल तर बरंच झालं, मोटर वाचली. तिच्या जागी जाड खिळा ठोकू नका. तसं सुचवणारा एक मेकॅनिक मला भेटला होता.

४. पिन काढून ऑगरच्या उघड्या टोकाला पाइप पाना लावा आणि आधी उलट्या दिशेने थोडं, मग सुलट, पुन्हा उलट. जोर एकदम लावू नका, नटाचा गंज सोडवताना करतो तसं हिसक्या-हिसक्याने. माझा या पायरीला अर्धा तास हलला नाही आणि मग ‘कट्’ असा आवाज होऊन पाव फेरा फिरला. तो आवाज आला की काम झालं समजा.

५. नाहीच हलला तर फायरपॉटच्या बाजूने लांब स्क्रूड्रायव्हरने नळीतला भुसा टोकरून काढायला लागतो. कंटाळवाणं आहे, पण घाईने हातोडा मारला तर नळी वाकते. पाणी ओतू नका. सैल होईल असं वाटतं, प्रत्यक्षात भुसा आणखी फुगून नळीला घट्ट धरतो. तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे यांतलंही काही नको, तिथूनच उद्या तुमच्या माशाला धूर जाणार.

६. ऑगर बाहेर आला की तारेच्या ब्रशने आटे आणि नळी दोन्ही घासा. समुद्राच्या हवेने गंज धरलेला असतो, आणि खरखरीत जागी भुसा पहिल्यांदा चिकटतो. सुक्या फडक्याने पुसून दिवसभर उन्हात ठेवा.

७. जोडल्यावर पेलेट न घालता ऑगर दोन मिनिटं चालवून आवाज ऐका, मग मूठभर घालून ते वाटीत पडतात का ते पाहा.

निघालेल्या भुशाचं काय

फेकू नका, एवढ्या महागाचं लाकूड आहे. कोरडा आणि खायच्या प्रतीचा असेल तर दोन मुठी भुसा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, वरून चार भोकं पाडा आणि साध्या कोळशाच्या शेगडीच्या कडेला ठेवा. बोगदा नसल्यामुळे तो पेटत नाही, धुमसतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. मीठ-हळद-आगळ लावलेला बांगडा वर ठेवून झाकण घाला, वीस मिनिटांत धुराचा वास हाडापर्यंत जातो. मासा पूर्ण शिजला पाहिजे. परदेशी पद्धतीने थंड धुरात तासन्‌तास ठेवायचा प्रयोग आपल्या तीस अंशांच्या हवेत करू नका, मासा त्याआधीच नासतो.

सर्दावलेला भुसा खतात जातो. नुसता घातला तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात, म्हणून शेणाबरोबर किंवा मासळीच्या आतड्या-खवल्यांबरोबर मिसळायचा. मी माडाच्या आळ्यात खड्डा करून एक थर मासळीचा, एक थर भुशाचा असा घालतो. वास दबतो आणि कुत्री उकरत नाहीत.

कोरडा पण जुना झालेला भुसा मात्र आता माझ्याकडे फारसा उरत नाही. काकीने माळ्यावरून तिची भुशाची शेगडी काढलीय, नारळी पौर्णिमेच्या आधी तळ्याला नवा पत्रा मारून घेतला, आणि दर दोन आठवड्यांनी रिकामा डबा गडग्यावर आणून ठेवते.